खंडूचा भाद्रपद

मराठीत कुणाला 'भाद्रपदातला कुत्रा' म्हटलं की पुढे हमखास भांडण होतं. मी गेल्या वर्षी अक्षरशः एक भाद्रपदातला कुत्रा घरात सांभाळला. तेव्हापासून ही शिवी मला फार अन्यायकारक वाटायला लागली आहे... म्हणजे कुत्र्यावर अन्याय करणारी.

कुत्र्याचं नाव खंडू. जात विचाराल तर अस्सल देशी, रंग चहात बुडवलेल्या पावाचा, एक कान कायम उभा आणि दुसरा मूड असेल तसा. डिसेंबरात ऑफिसच्या पार्किंगमध्ये सापडला तेव्हा जेमतेम पाच आठवड्यांचा असेल. नाव आईने ठेवलं, खंडोबाचं जनावर म्हणून. त्यामुळे 'याला कुठेतरी देऊन टाकू' हे वाक्य आमच्या घरात उच्चारणं म्हणजे थेट जेजुरीशी पंगा. (पुढे ते उच्चारलं गेलंच. येतो त्यावर.)

पहिले सात-आठ महिने खंडू म्हणजे आदर्श बालक मंदिराचा मॉनिटर होता. 'बस' म्हटलं की बसायचा, 'ये' म्हटलं की कान मागे टाकून धावत यायचा. मी आणि बायको आल्यागेल्याला हे सगळं करून दाखवायचो. आणि मग भाद्रपद आला.

आता जरा हिशेब मांडू. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्या बहुतेक करून पावसाळा सरता सरता माजावर येतात. कुत्रीचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा. म्हणजे पिल्लं होणार कार्तिक-मार्गशीर्षात, थंडीच्या तोंडावर. त्या पिल्लांतला नर सहा महिन्यांनंतर कधीतरी वयात यायला लागतो, आणि नऊ-दहा महिन्यांचा होऊन अंगात पूर्ण वारं भरतं तेव्हा नेमका पुढचा भाद्रपद उजाडलेला असतो! भाद्रपदात गर्भात आलेला प्राणी आपल्या पहिल्याच भाद्रपदात ऐन तारुण्यात. टायमिंग बघा. (अधिक महिना आला की पंचांग पुढे सरकतं, कुत्री सरकत नाहीत, एवढाच काय तो फरक.)

त्यात पुण्यात भाद्रपद म्हणजे गणपती. ढोल, फटाके, घरात पाहुणे, दार सतत उघडं, स्वयंपाकघरात उकडीचे मोदक. साडेनऊ महिन्यांच्या कुत्र्याच्या डोक्यात रसायनांचा हा गोंधळ चालू असताना बाहेरही तेवढाच गोंधळ.

पहिलं लक्षण म्हणजे मुतणं. पोरगा इतके दिवस सभ्यपणे एकदा बसून मोकळा व्हायचा, तो आता दर पाच पावलांवर तंगडी वर करायला लागला. विजेचा खांब, तुळशीची कुंडी, आणि सोसायटीच्या चेअरमनसाहेबांच्या गाडीचं मागचं उजवं चाक. मग तो जमिनीवरचा कसला तरी वास जिभेने चाटायचा आणि थंडी वाजल्यासारखे दात कडकडवायचा. मी घाबरून डॉक्टरांना व्हिडिओ पाठवला. ते म्हणाले, काही नाही, टाळूच्या वर एक खास वासाचं इंद्रिय असतं, तिकडे तो माल पोचवतोय. म्हणजे आपण वाइनवाले कसे तोंडात घोट घोळवून डोळे मिटतात, तसं. गल्लीतल्या कुठल्या कुत्रीचं काय चाललंय याची अख्खी बातमी त्या ओलाव्यात असते.

आणखी एक गोष्ट लाजेखातर कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. या वयात नराच्या त्या जागी पिवळट-हिरवट स्राव दिसतो, सोफ्यावर डाग पडतात, आणि आपण 'इन्फेक्शन!' म्हणून धावत सुटतो. थोडाफार स्राव नॉर्मल असतो. खूप असेल, रक्त दिसलं, किंवा तो सारखं चाटत बसला तर मात्र दाखवायचं. शिवाय वृषण दोन्ही खाली उतरलेत ना हे डॉक्टरांकडून एकदा बघून घ्यायचं. सहा महिन्यांनंतरही एखादं पोटातच राहिलं असेल तर ऑपरेशन करावंच लागतं, कारण आत राहिलेल्या वृषणात गाठ होण्याचा धोका कितीतरी जास्त असतो. तिथे 'करू की नको' हा प्रश्नच उरत नाही.

मग गौरीजेवणाच्या दिवशी आलेल्या मावशींच्या पायाशी त्याने जे काही केलं ते मी इथे लिहीत नाही. मावशी धीराच्या, त्या फक्त 'अगंबाई' म्हणाल्या.

पण मला लागलं ते वेगळंच. खंडू माझं ऐकेना. 'ये' म्हटलं की माझ्याकडे असा बघायचा, जणू मी रिकव्हरी एजंट आहे. आणि तोच खंडू गेटवरच्या वॉचमनकाकांनी नुसतं 'बस रे' म्हटलं की बुड टेकवून बसायचा! बायको म्हणाली, हा तुझ्यावर गेलाय, तूही घरात कुणाचं ऐकत नाहीस आणि ऑफिसात सगळ्यांचं ऐकतोस.

गंमत म्हणजे यावर खरंच संशोधन आहे. इंग्लंडातल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या ल्यूसी ॲशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली ते प्रसिद्ध केलं. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांच्या संकरातली ६९ कुत्री. पाच महिन्यांची असताना आणि पुन्हा आठ महिन्यांची झाल्यावर त्यांना 'बस' ही आज्ञा दिली, एकदा सांभाळणाऱ्या माणसाने आणि एकदा परक्याने. आठव्या महिन्यात कुत्री सांभाळणाऱ्या माणसाचं ऐकेनाशी झाली होती, परक्याचं मात्र ऐकत होती. म्हणजे 'बस' चा अर्थ विसरली नव्हती. वर्षाची होईपर्यंत शिकण्याची गाडी पुन्हा रुळावर आली, असं त्याच अभ्यासात मालकांनी भरून दिलेल्या प्रश्नावल्यांतून दिसलं. हे वाचून मला किती हलकं वाटलं काय सांगू. बग नव्हता, रिलीजच तसा होता.

हलकं वाटणं चार दिवस टिकलं. अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री फिरायला नेलेलं असताना लांबून एक कुत्री गेली, खंडूने असा काही हिसका मारला की पट्ट्याची कडी तुटली. पितळेची जाड कडी, मधूनच गेली. तो सर्व्हिस रोड ओलांडून, दुभाजकावरून उडी मारून पलीकडे दिसेनासा झाला. मी, बायको आणि बाबा रात्रभर टॉर्च घेऊन फिरलो. प्रत्येक ट्रकचा ब्रेक ऐकला की पोटात गोळा. पहाटे पाचला तो स्वतःच गेटवर आला. कान फाटलेला, मानेवर दात लागलेले, आणि चेहऱ्यावर असं समाधान की मला हसावं की रडावं कळेना. टाके पडले. रेबीजची लस आधी दिलेली होती, तरी अनोळखी कुत्रा चावला की पुन्हा बूस्टर घ्यावाच लागतो, तो घेतला.

त्या दिवशी दुपारी बाबा म्हणाले, "अरे, याला गावी देऊन टाकू. शेतावर राहील. इथे एक दिवस गाडीखाली जाईल."

आई काही बोलली नाही. उठून आत गेली. बाबांचं म्हणणं निर्दय नव्हतं, हेच तर अवघड होतं. खंडूला टेकडीपाशी नेऊन सोडून येणारे लोक मी बघितले आहेत, बाबा त्यातले नव्हेत. पण ज्या वयात कुत्र्याला घर सर्वांत जास्त लागतं, नेमक्या त्याच वयात बऱ्याच कुत्र्यांचं घर सुटतं. सात महिने गोंडस, आणि आठव्यात 'आमच्याकडे वेळ नाही हो'.

मग सल्ले सुरू झाले. आपल्याकडे कुत्र्याच्या बाबतीत अख्खी सोसायटी व्हेटर्नरी डॉक्टर असते. सगळ्यात लोकप्रिय सल्ला: "एकदा लग्न लावून टाका त्याचं, शांत होईल." हे माणसांच्या बाबतीतही आपण म्हणतो, आणि तिथेही ते कितपत खरं आहे ते तुम्हीच बघा. कुत्र्याच्या बाबतीत तर सपशेल खोटं. एकदा चटक लागलेला नर शांत बसत नाही, त्याला आता नेमकं कशासाठी पळायचं हे कळलेलं असतं. त्यात रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये एक लागट ट्यूमर असतो, समागमातून पसरणारा, आणि आपल्या देशात तो बऱ्यापैकी आढळतो. त्यातल्या कॅन्सरच्या जिवंत पेशीच एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातात. आज जगभर सापडणारा हा ट्यूमर हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या शरीरातून निघालेला आहे. तो कुत्रा कधीच गेला, त्याची पेशी अजून चालू आहे. इतका जुना लेगसी कोड मी तरी दुसरा पाहिलेला नाही. केमोच्या इंजेक्शनांनी तो बहुतेक वेळा बरा होतो, पण लग्नाच्या आहेरात हे कशाला?

दुसरा सल्ला: ऑपरेशन. इथे एक निरीक्षण. 'ऑपरेशन' हा शब्द काढला की बायका विचारायच्या, टाके किती, खर्च किती. पुरुष एक पाऊल मागे सरकायचे. पार्किंगमध्ये एका मित्राने अक्षरशः हात पुढे बांधले आणि म्हणाला, "यार, बिचाऱ्याचं पुरुषत्वच..." मी म्हटलं, अरे, तुझं नाही काढत आहेत. आपण कुत्र्याच्या जागी सरळ स्वतःला उभं करतो, हीच खरी भानगड आहे. त्याला वंश चालवायचा नाही, चारचौघांत तोंड दाखवायचं नाही. त्याला फक्त या क्षणी त्या वासामागे जायचंय, आणि जाता येत नाही म्हणून तो रात्रभर खिडकीशी रडतोय, दोन दिवस जेवत नाहीये. 'नैसर्गिक' म्हणतात ते हेच.

पण ऑपरेशनवाल्यांचंही मला सगळं पटत नव्हतं. त्यांच्या बोलण्यात एक स्विच असतो. काढलं की शांत. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, कशाकरता करतोयस ते आधी ठरव. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमध्ये या विषयावर बरंच काम झालंय. १९७६ च्या अभ्यासात ४२ कुत्री होती, त्यात भटकायला पळून जाणं जवळपास ९० टक्के कुत्र्यांत कमी झालं. १९९७ च्या अभ्यासात ५७ कुत्री: तंगडी वर करून ठिकठिकाणी मुतणं, अंगावर चढणं आणि भटकणं हे ६० टक्क्यांहून जास्त कुत्र्यांत निम्म्याने तरी कमी झालं, पण जवळजवळ पूर्ण थांबलं ते २५ ते ४० टक्क्यांतच. भांडखोरपणात फायदा याहून बराच कमी. भीतीत तर नाहीच. उलट भित्र्या कुत्र्याचं लवकर ऑपरेशन केलं तर भीतीची वागणूक वाढू शकते, असं सुचवणारा अभ्यास २०१८ साली ऑस्ट्रेलियातून आला आहे.

त्या १९९७ च्या अभ्यासात मला सर्वांत उपयोगी वाटलेली ओळ वेगळीच होती. ऑपरेशनच्या वेळी कुत्र्याचं वय काय होतं, किंवा सवय किती जुनी होती, यावरून फायदा किती होईल ते सांगता येत नव्हतं. म्हणजे 'आत्ताच्या आत्ता करा, नाहीतर कायमचं बिघडेल' ही घाई निराधार. थांबलं तर चालणार होतं.

थांबायचं कशासाठी, तर हाडांसाठी. ही लैंगिक हार्मोन्स हाडांच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या बंद करण्याचं कामही करतात. ती लवकर काढली तर हाडं लागतात त्यापेक्षा जास्त काळ वाढत राहतात, लांब होतात. डेव्हिसच्याच २०१३ च्या अभ्यासात वर्षाच्या आत ऑपरेशन झालेल्या गोल्डन रिट्रीव्हर नरांमध्ये खुब्याच्या सांध्याचा विकार, न केलेल्यांच्या दुप्पट आढळला. गोल्डन वेगळा आणि आमचा काटकुळा देशी वेगळा, मान्य. सगळ्या जातींत असा फरक दिसतही नाही. पण नऊ महिन्यांच्या वाढत्या पोराला दोन-चार महिन्यांसाठी घाई का करा?

हे सगळं मी जेवताना बाबांना सांगत होतो. आलेख, टक्के वगैरे. बाबा ऐकत होते. भात कालवता कालवता म्हणाले, "एवढं वाचायला कशाला लागतंय? बैलाचं तेच असतं की."

आमचं गाव जुन्नरकडचं. बाबांच्या लहानपणी घरात बैलजोडी होती. ते म्हणाले, गोऱ्हा आदत असताना कुणी खच्ची करत नाही. केला तर अंग धरत नाही, मान भरत नाही, वशिंड येत नाही. दुसा-चौसा होऊ द्यायचा, मग करायचा. "आणि खच्ची केलेला बैल म्हणजे काय कमी बैल असतो होय? सगळी शेती त्याच्यावर झाली आपली."

मी बघतच राहिलो. पार्किंगमधले सगळे पुरुष ज्या शब्दाला दचकत होते, त्या शब्दाला बाबा अजिबात दचकत नव्हते. पेपरात 'मनोबलाचं खच्चीकरण' वाचून वाचून आपल्याला तो शब्द म्हणजे अपमानच वाटतो. पोळ्याला ज्याच्या शिंगांना रंग देतात, पुरणपोळी भरवतात, पाया पडतात, तो खच्ची केलेलाच असतो हे शहरात कुणाच्या डोक्यातच नाही. (आमच्याकडे पोळाही भाद्रपदातलाच, अमावास्येला.) बाबा एवढंच म्हणाले, "पूर्वी बैल बडवायचे, ते बघवायचं नाही. याला भूल देणारेत ना?" म्हटलं, पूर्ण भूल. "मग होऊ दे. पण थांबून."

गावी पाठवायचा विषय त्या दिवसानंतर निघाला नाही.

आता 'थांबून' म्हणणं सोपं, थांबायचे ते पाच-सहा महिने काढायचे होते आम्हाला. पहिली गोष्ट बाबांनीच केली. गळ्यातला पट्टा आणि अंगातला हार्नेस, दोन्हीला वेगवेगळ्या कड्या, आणि दोन्ही कड्या गिर्यारोहणाच्या दुकानातून आणलेल्या. एक तुटली तरी दुसरी राहील. ऑफिसात आम्ही याला रिडंडन्सी म्हणतो आणि त्यासाठी तीन मीटिंगा घेतो, बाबांनी पंधरा मिनिटांत आणून लावल्या. घराच्या मुख्य दाराच्या आत गुडघ्याच्या वर येईल असं एक लाकडी फाटक. वेळा बदलल्या: पहाटे साडेपाच आणि रात्री साडेदहा, कचराकुंडीचा कोपरा टाळून.

सुट्टीच्या दिवशी पाषाणच्या टेकडीवर, दहा मीटरच्या लांब दोरीवर. आणि तिथे हुंगायचं तेवढं हुंगू द्यायचं. लोक म्हणतात दमवा त्याला, पळवा. एका उत्साही शेजाऱ्याने आपल्या कुत्र्याला रोज सहा किलोमीटर पळवून शांत करायचा घाट घातला होता, दोन महिन्यांत त्याच्याकडे आठ किलोमीटर पळू शकणारा अशांत कुत्रा तयार झाला. त्याउलट वीस मिनिटं नाकाने काम केलेला खंडू घरी येऊन ढाराढूर झोपायचा. घरीही जुन्या टॉवेलच्या घड्यांत पोळीचे तुकडे लपवून द्यायचो. आईला हे फार आवडलं. पोरगं कामाला लागलं, म्हणायची.

'ये' या शब्दाचं मात्र आम्ही रेशनिंग केलं. तो येणार नाही हे दिसतंय, तेव्हा हाक मारायचीच नाही, दोरी हळूच आखूड करत जवळ जायचं. दहादा हाक मारून दहादा तो आला नाही, की अकराव्यांदा तो शब्द म्हणजे नुसता आवाज. हाक मारायची ती लक्ष आपल्याकडे असताना, आणि आला की उकडलेल्या चिकनचा तुकडा. दर वेळी. कंजूषपणा नाही.

घरात मुतला तर ओरडणं नाही. कुणीतरी सुचवलं होतं, पेपरची सुरळी करून एक ठेवून द्या. हार्मोनला पेपर वाचता येत नाही, आणि मार खाल्लेला कुत्रा फक्त आपल्यासमोर मुतायचं टाळतो, सोफ्यामागे जातो. फिनेलने पुसलं की वास आपल्या नाकापुरता जातो, त्याच्या नाकाला तिथली पाटी व्यवस्थित वाचता येते. लघवीतले घटक मोडणारं एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, त्याने पुसलं तेव्हा तो कोपरा सुटला. आणि अंगावर चढणं हे नेहमी 'त्या'च कारणाने असतं असं नाही, हे फार उशिरा लोकांच्या लक्षात येतं. गर्दी, उत्साह, ताण, झोप अपुरी झालेली, काहीही चालतं. म्हणून पाहुणे येण्याआधी त्याला आतल्या खोलीत चघळायला हाड देऊन बसवायचं, सगळे स्थिरस्थावर झाले की मग भेटवायचं. मावशी पुढच्या वेळी आल्या तेव्हा त्यांनी स्वतःहून विचारलं, "कुठाय तो? आणा की बाहेर."

फाल्गुनात, सोळा महिन्यांचा झाल्यावर ऑपरेशन झालं. सकाळी नेला, संध्याकाळी परत. दहा दिवस गळ्यात ते प्लास्टिकचं नरसाळं घालून घरभर दारांना धडकत होता. त्यानंतरही महिना-दीड महिना त्याला कुत्र्यांपासून लांब ठेवायचं असतं, कारण आधीचे शुक्राणू शरीरात काही आठवडे शिल्लक राहतात. आणि सवयी लगेच जात नाहीत, काही महिनोन् महिने रेंगाळतात, त्यामुळे नरसाळं निघालं तरी दोन कड्या काढल्या नाहीत. अजूनही नाहीत.

मग दुसरा भाद्रपद आला. रात्री खाली कुत्र्यांचा नेहमीचा कल्लोळ. खंडू खिडकीपर्यंत गेला, नाक वर करून जरा वेळ उभा राहिला, परत येऊन बाबांच्या पायाशी पडला. जेवण एकदाही सोडलं नाही. चतुर्दशीच्या आदल्या रात्री आम्ही चौघेही उगाच जागे होतो, तो घोरत होता.

बाकी सगळं सुधारलं असं नाही. माझ्यापेक्षा वॉचमनकाकांचं अजूनही थोडं जास्त ऐकतो. पाहुणे जास्त झाले की सोफ्यावरच्या हिरव्या उशीचं काही खरं नसतं. आणि विजेचे खांब, कुंड्या सगळं सुटलं, पण चेअरमनसाहेबांच्या गाडीचं मागचं उजवं चाक काही सुटलेलं नाही. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले ही आता सवय. आईचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते, पार्किंगमध्ये कुत्र्यांना बंदी करायचा ठराव त्यांनीच मांडला होता ना?